बाईंनी मागितलेला अर्धा तास

शोकसभेत पहिल्याच वक्त्याने बाईंना 'वक्तशीरपणाचा आदर्श' म्हटले, तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "खोटे आहे." शेजारच्या दोघांनी माझा सदरा ओढून मला खाली बसवले. म्हातारा बिथरला, असे त्यांना वाटले असणार. वाटो. बाई उभ्या आयुष्यात कोठेही ठरल्या वेळेवर पोचल्या नाहीत. लग्न दुपारचे असले, तर त्या सकाळीच येत. मांडवात तेव्हा सतरंज्याही उलगडलेल्या नसत. नाहीतर थेट उन्हे कलल्यावर येत, तेव्हा आचारी कढया घासत बसलेले असत. नवरीला बाजूला घेऊन, तिच्या डोक्यावर हात ठेवून, पाच मिनिटांत त्या निघून जात. यात विसरभोळेपणा नव्हता. हे सारे ठरवून चाले. मी एकदा टोकले, तर म्हणाल्या, "सारे ज्या टायमाले जातेत, त्याच टायमाले आपण कायले जावं, वकीलसाहेब? आशीर्वाद का शिळा होते?"

चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात मी चाळीस वर्षे वकिली केली. बाई मुलींच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आमची ओळख वादातून झाली आणि वादातच टिकली. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. ते नाव सध्या ज्या कामासाठी वापरले जात आहे, त्यात माझ्या हातून भर पडायला नको. गावात त्यांना सारे 'टायमवाल्या बाई' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होते. वर्गात त्यांची भाषा शुद्ध, छापल्यासारखी असे. वर्गाचा उंबरठा ओलांडला की त्या बोलण्याने पुन्हा आपल्या गावच्या, आरमोरीकडच्या होत. ही दोन्ही माणसे खरी होती. सभेत फक्त पहिलीचा फोटो लावला होता.

आमच्या शहराची गोष्ट ज्यांना ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. गोंड राजांनी बांधलेला परकोट अजून उभा आहे, आणि जुने शहर त्याच्या आत आहे. शाळा, न्यायालय, बँका, कचेऱ्या बहुतेक बाहेर. परकोटाला दारे चार, पण कचेऱ्यांच्या बाजूला उघडणारे एकच, ज्याला आम्ही नुसते 'गेट' म्हणतो. हत्तीघोड्यांच्या काळातले ते दार रुंद करता येत नाही; करूही नये. सकाळी सारे शहर त्यातून बाहेर पडते आणि संध्याकाळी त्यातूनच आत शिरते. कारकून, वकील, बाजारचे टेंपो, ऑटो, हातगाड्या, मोटारसायकली, आणि त्यांच्या अधेमधे सायकल हाती धरून उभ्या असलेल्या शाळेच्या मुली. हिवाळ्यात त्या वेळी अंधारून आलेले असते. दिवे असतात, पण माणसांच्या डोक्यांवरून खाली त्यांचा उजेड उतरत नाही.

एका अभियंत्याने बाईंच्या निधनानंतर लिहिले, की परदेशांतील मोठ्या शहरांमध्ये लोकांच्या प्रवासाच्या वेळा वाटून देऊन गर्दी कमी केली जाते, आणि बाईंनी त्या प्रयोगांचा अभ्यास केला होता. मी त्यांना जाहीर आव्हान देतो. बाईंनी असा कोणता प्रयोग वाचला, ते त्यांनी दाखवून द्यावे. बाई नागपूरच्या पलीकडे क्वचितच गेल्या. त्यांनी जे केले, ते त्या आपल्या गावच्या तलावावरून शिकल्या होत्या. आरमोरीजवळच्या त्या गावात मालगुजारीच्या काळातला तलाव आहे. त्याची पाळ, म्हणजे बांध, मातीची; तिच्यात पाणी सोडायची मोरी एकच, आणि तिच्याखाली साऱ्या गावच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते. बौद्ध मोहल्ल्याची शेते अगदी शेवटी, आणि बाईंच्या वडिलांची बांधी त्यांतही शेवटची. पण त्या गावचा रिवाज असा, की पाणी आधी शेवटच्या बांधीला द्यायचे आणि मोरीजवळच्या बड्या शेतकऱ्याने सर्वांच्या मागून घ्यायचे. पाणी वाटणाऱ्या माणसाला तिकडे पाणकर म्हणतात. त्याच्या शब्दाला पाटीलही आडवा जात नसे.

"माहा बाप म्हणे, पाणी कमी नसते, बाप्पा," बाई सांगत. "सारे एका टायमाले मागतेत, म्हणून कमी पडते. मोरी मोठी कराल त पाळ फुटन. पाळी लावा, सारे पिकतेत." गेटाविषयी त्यांचे सारे तत्त्वज्ञान एवढेच होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बाईंनी हे गेट का धरले? सभेत एकाने सांगितले, त्यांना धुराचा त्रास होता. दुसऱ्याने सांगितले, त्यांना शिस्तीची आवड होती. माजी नगरसेवकांनी तर सांगितले, की त्यांना शहराच्या विकासाची तळमळ होती. तिघेही चुकीचे आहेत, आणि त्यांचा दोष एवढाच, की त्यांना कोणी सांगितले नव्हते. मला बाईंनी स्वतः सांगितले होते. तेव्हा ते झाकून ठेवणे आवश्यक होते; आज झाकून ठेवण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून लिहितो.

नववीच्या वर्गात एका शिंप्याची मुलगी होती. तिने गणितात बाईंच्या चुका काढाव्यात आणि बाईंनी फळा पुसून तिला "ये, तूच शिकव" म्हणावे, इतकी हुशार. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. बाई तिच्या घरी गेल्या. आई म्हणाली, मामाच्या गावाला गेली. पुन्हा गेल्या, तर म्हणाली, ताप आहे. बाई तरीही गेल्याच. तेव्हा आई दारातच उभी राहिली, मागे वळून नवरा शिवणयंत्रावर आहे याची तिने खात्री केली आणि हळूच म्हणाली, "बाई, पोरगी हुशार आहे थे मले समजते. पण थे गेट..." पदर तोंडाला लावून उभी राहिली. बाईंना समजले. त्या स्वतः त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलींच्या घोळक्यात मिसळून सायकल हाती धरून त्या दारातून चालत आल्या. गर्दीत कोणाचा हात कोठून येतो, हे दिसत नाही. बाईंची तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. त्यांनाही तो हात चुकला नाही.

"तक्रार करा," मी म्हणालो. "मी स्वतः लिहून देतो. पोलीस उभा करू."

"मंग काय होईन?" बाई म्हणाल्या. "पोलीस आठ दिवस उभा राह्यन. अन् पेपरात येईन, का अमुक शाळेच्या पोरींले गेटात हात लावतेत. दुसऱ्या दिवशी वर्गात कोन राह्यन, वकीलसाहेब? तिच्या मायनं तिच्या बापाले अजून नाई सांगितलं. त्याले समजलं त तो या म्हयन्यातच तिचं लगन लावून देईन. साऱ्याइचे बाप तसेच आहेत."

म्हणून बाईंना खरे कारण कधीच सांगता येणार नव्हते. मुलींसाठी लढायचे होते आणि मुलींचे नावही काढायचे नव्हते. त्यांनी वाहतुकीचे निमित्त घेतले. मी विचारले, शाळाच लवकर का सोडत नाही? पण इमारत एकच होती. सकाळी लहान मुली, दुपारी मोठ्या. घंटा साडेपाचच्या आधी होणे शक्य नव्हते. मग बाईंनी ठरवले, की शाळा हलत नसेल तर गाव हलवायचे. साडेपाच ते सहा. हिवाळ्यातला तेवढा अर्धा तास गेट मोकळे हवे. त्या वेळी ज्यांना थांबणे शक्य आहे, त्यांनी थांबावे. मोरीजवळच्यांनी मागून घ्यावे.

मी सांगितले, जिल्हाधिकाऱ्यांकडून लेखी हुकूम घ्या. बाईंनी ऐकले नाही. "तलावावर कोनी हुकूम लिहिला होता?" त्या माझ्या कार्यालयात उभ्यानेच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. प्रथम बँकेत गेल्या. तेथील व्यवस्थापक बाहेरगावचे, नवे. "आमच्या वेळा वरून ठरतात, मॅडम," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "बँक वेळेवरच बंद करा. घरी तेवढे अर्ध्या घंट्यानं निघा." ते हसले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला व्यवस्थापक उठायच्या बेतात असताना बाई समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि त्यांनी आपल्या गावच्या धानाच्या जाती सांगायला सुरुवात केली. सहा वाजता थांबल्या. असे पुष्कळ दिवस चालले. शेवटी व्यवस्थापकांनी हात जोडले. "मॅडम, तुम्ही येऊ नका. मी आपणहून बसतो."

ऑटोस्टँडवर त्यांची सभा मी पाहिली. "बाई, आमी त्या टायमाले गाडी बंद ठेवावं, मंग आमी काय हवा खावं का?" एकाने विचारले. "हवा काऊन खाशील? चहा पे," बाई म्हणाल्या. "तुह्या मायले मीच शिकवलं. ती म्हणे, पोरगं दिवसभर गाडीवर राह्यते, टेकत नाई. अर्धा घंटा टेक." सारा स्टँड हसला. तो ऑटोवाला लाजला आणि त्या दिवसापासून सर्वांत आधी तोच गाडी बाजूला लावू लागला.

परंतु शहर खरोखर हलले ते निराळ्याच मार्गाने, आणि याविषयी सभेत एक अक्षरही निघाले नाही, कारण मंचावर सारे पुरुष होते. परकोटाच्या आतील अर्ध्या घरांतल्या बायका बाईंच्या विद्यार्थिनी होत्या. बाई एकेकीच्या दारात गेल्या. अर्थातच भलत्याच वेळी, म्हणजे नवरे घरी नसताना. प्रत्येकीला त्यांनी एकच गोष्ट सांगितली. हिवाळाभर नवऱ्याचा संध्याकाळचा चहा साडेसहाच्या आधी ठेवायचा नाही. लवकर घरी येऊन उपयोग नाही, हे त्याचे त्याला कळू द्यायचे. माझ्या घरीही हे झाले. माझी पत्नी बाईंची विद्यार्थिनी नव्हे, पण तिनेही चहा बंद केला. मी कारण विचारले तर म्हणाली, "बाईंनी सांगितलं आहे." मी म्हणालो, "त्यांनी कारण काय दिले?" ती म्हणाली, "तुम्ही त्या गेटातून पोरगी होऊन गेले आहात का कधी?"

कोणत्याही बाईने कारण विचारले नव्हते. मला वाटते, या शहरात एखादी गोष्ट सर्वांना ठाऊक असावी आणि तरी ती कोणीच बोललेली नसावी, असे त्या हिवाळ्यात मी प्रथमच पाहिले. पुरुषांना ती वाहतुकीची सुधारणा वाटली. ते थोडे कुरकुरले, मग त्यांना कचेरीत गप्पा मारत बसण्याची गोडी लागली, आणि मग ती कल्पना मुळात आपलीच, असे ते सांगू लागले.

मी गेटाजवळच्या पानठेल्यावर मुद्दाम जाऊन उभा राहत असे. साडेपाचला शाळेची घंटा लांबून ऐकू येई. मग त्या रिकाम्या, सरळ रस्त्यावरून मुली सायकलींवर बसून येत. हाती धरून नव्हे, बसून. दोघी-दोघी, तिघी-तिघी, मोठ्याने बोलत, उगीचच घंट्या वाजवत, दाराच्या कमानीखाली आवाज घुमतो म्हणून तेथे एकमेकींना हाका मारत. शिंप्याची मुलगी पुन्हा शाळेत येऊ लागली होती; तीही त्यांत होती. पानठेलेवाला म्हणाला, "साहेब, या पोरी एवढ्या हासतेत, हे मले मालूमच नोतं." मलाही नव्हते. त्या दाराजवळ माझा जन्म गेला, आणि मुलींचा आवाज मी तेथे त्यापूर्वी ऐकलेला नव्हता. बाई घोळक्याच्या शेवटी आपल्या जुन्या सायकलवर असत. मला पाहून थांबत नसत. "पाहून घ्या," एवढे म्हणत आणि पुढे जात.

पाहून घेतले ते बरे झाले. ते सारे एका सत्काराने बुडाले.

येथे माजी नगरसेवकांचे म्हणणे आणि माझे म्हणणे यांत सरळ विरोध आहे. ते म्हणतात, त्यांनी बाईंच्या कार्याला प्रसिद्धी दिली आणि बाईंनी त्याच मंचावरून त्यांच्याकडे उड्डाणपुलाची मागणी केली. मी त्या मंचावर तिसऱ्या खुर्चीत होतो. सत्कार करू नका, अशी बाईंची विनंती घेऊन आदल्या दिवशी मीच नगरसेवकांच्या घरी गेलो होतो. ते म्हणाले, "वकीलसाहेब, चांगल्या कामाले लपवून कायले ठेवायचं?" मला कारण सांगता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी चौकात ध्वनिक्षेपक लागले. नगरसेवकांनी भाषणात सांगितले, की बाईंच्या प्रयत्नाने आता साडेपाच ते सहा आपले गेट रिकामे असते, कोणीही यावे आणि पाहावे. बाईंच्या गळ्यात हार पडला. त्यांनी तो काढला, त्या ध्वनिक्षेपकाशी आल्या आणि म्हणाल्या, "हार ठेवा. फक्त त्या अर्ध्या घंट्यात कोनी गेटाकडे येऊ नका, एवढं करा." लोकांना ती विनम्रता वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुलाचा शब्दही निघाला नाही. त्या सभेला हजर असलेल्या कोणीही पुढे येऊन मला खोडून काढावे.

लोकांनी मात्र नगरसेवकांचे आमंत्रण स्वीकारले. ते आले. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही कळले, की त्या वेळी गेट मोकळे असते. आधी बाजारचे दोन टेंपो आले. मग शिकवणीला जाणारी मुले मोटारसायकलींवर आली. मग बाहेरच्या वसाहतींतून खरेदीला येणारे आले. आता बरे, गर्दी लागत नाही, असे एकमेकांना सांगत आले. ज्यांनी थांबायचे कबूल केले होते त्यांनी हे पाहिले आणि आपणच मूर्ख ठरतो आहोत, असे त्यांना वाटले. कोणी अचानक शब्द मोडला नाही. प्रत्येक जण फक्त आज एक दिवस, काम आहे म्हणून, लवकर निघाला. हिवाळा संपायच्या आत ते दार पुन्हा पूर्वीसारखे भरले. खरे तर पूर्वीपेक्षा अधिक, कारण मोकळ्या गेटाच्या कीर्तीने नवी माणसेही त्या वेळेला लागली होती.

बाई पुन्हा दारोदार फिरल्या. या वेळी लोकांनी त्यांना आत बोलावले, बसवले, सत्काराबद्दल अभिनंदन केले आणि मान डोलावली. मी म्हणालो, "बाई, मी सांगत होतो, लेखी हुकूम घ्या." त्या माझ्या कार्यालयातील बाकावर बसल्या. मी त्यांना बसलेले क्वचितच पाहिले असेल.

"हुकमानं काई झालं नसतं," त्या म्हणाल्या. "माही चूक दुसरीच झाली. मले वाटे, तलावावर लोक पाणकराचं ऐकतेत म्हणून पाळी चालते. तसं नाई, वकीलसाहेब. रातच्यानं कोनी पाणी चोरलं, त सकाळी थे त्याच्या बांधीत उभं दिसते. साऱ्या गावाले दिसते. लाज वाटते म्हणून पाळी चालते. इथी चोरलेला टायम कुठी दिसते? गेटातून निंगाला, का माणूस साफ. कोनाच्या अंगावर दिसत नाई."

मी वाद घालण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मी म्हणालो, "बाई, बरोबर आहे."

त्यानंतर जे झाले, ते सभेत 'शहराची प्रगती' या नावाखाली सांगितले गेले. ज्या आयांनी चहा बंद ठेवला होता, त्यांनी आता घरात दुसरा हट्ट धरला: मुलीला सायकलने पाठवायचे नाही. ज्यांना परवडत होते त्यांनी ऑटो लावला, कोणी व्हॅन लावली, कोणी मुलीला आणायला स्वतः गाडी घेऊन जाऊ लागले. म्हणजे प्रत्येक घराने आपली मुलगी गर्दीतून वाचवण्यासाठी गेटात एकेक वाहन आणून उभे केले, आणि ती गर्दी झाली. त्या गर्दीत मग ज्यांच्याकडे वाहन नव्हते त्या मुली उरल्या; पूर्वी घोळक्याने असत, आता एकेकट्या. त्या एक एक करून घरी बसल्या. शिंप्याची मुलगी दहावीच्या सहामाहीनंतर आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या, तेव्हा यंत्राचा आवाज येत होता, पण दार कोणी उघडले नाही. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले, भद्रावतीकडे कोठेतरी. त्या लग्नाला बाई कोणत्याच वेळी गेल्या नाहीत.

निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षे बाई रोज साडेपाचनंतर गेटाच्या कमानीखाली उभ्या राहिल्या. उरलेल्या मुली एकत्र करून त्यांच्याभोवती दोन शिक्षिका आणि स्वतः, अशा त्या त्यांना पार करून देत. 'बाई वाहतूक नियंत्रित करत,' असे एकाने लिहिले आहे. काही नियंत्रित करत नव्हत्या. लोक त्यांच्यावर भोंगे वाजवत. "ओ मॅडम, सरका ना बाजूले! पोरीईले उडवून घ्यायचं आहे का?" असे ज्यांनी त्यांना म्हटले, त्यांच्यापैकी दोघे सभेत पहिल्या रांगेत होते. मी त्यांना ओळखतो. त्यांनाही ते ठाऊक आहे.

निवृत्त झाल्यावर बाईंनी चंद्रपूर सोडले. लग्न केलेले नव्हते. आरमोरीजवळच्या त्याच गावी त्या भावाच्या घरी राहायला गेल्या. भाऊ वारल्यावर भाच्याने त्यांना सांभाळले, आणि चांगले सांभाळले, हे मी मान्य करतो. इकडे गेटाबाहेरच्या चौकात उड्डाणपूल बांधण्याचे ठरू लागले. आता त्या पुलाला बाईंचे नाव द्यायचा ठराव आला आहे. मी त्याला लेखी विरोध कळवला आहे. माझ्या विरोधाला 'वैयक्तिक आकस' असे म्हटले गेले. म्हणोत.

गेल्या हिवाळ्यात बाई अंथरुणाला खिळल्याचे कळले. मी गडचिरोलीला एसटी बदलली आणि आरमोरीला उतरून गावी पोचलो. धानाची मळणी चालू होती. हवेत सगळीकडे तूस उडत होते. भाचा मला बाहेरच भेटला. माझी पिशवी हातात घेत म्हणाला, "साहेब, आत्याले काई सांगू नका. सारं चांगलं चाल्लं, एवढंच म्हणा. सारे तसंच म्हणतेत." मी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तो औषध आणायला आरमोरीला निघून गेला.

बाई ओसरीवर खाटेवर होत्या. फार लहान दिसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. एवढ्या दुरून भांडायले आले का?" मी म्हणालो, हो. थोडे इकडचे तिकडचे झाले. पुलाचे सांगितले, तेव्हा हसल्या. "पुलावर चढतेत, ठीक आहे. मंग उतरतेत कुठी? गेटातच ना?" पुलाला त्यांचे नाव द्यायचे तेव्हाच घाटत होते, ते मी सांगितले नाही. मग त्यांनी वर्गातल्या भाषेत विचारले, "नववीचा वर्ग कसा आहे, वकीलसाहेब? भरतो का?"

मी सांगितले, "नववी या वर्षी उघडली नाही, बाई. मुलीच उरल्या नाहीत. आठवीनंतर शाळा बंद केली."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, झोपल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "सारे येऊन गेले. साऱ्याइनं सांगितलं, वर्ग भरला आहे, बाई. मले मालूम होतं, खोटं बोलून राह्यले. तुमचीच वाट पाहून राह्यली होती. तुमी खोटं बोलत नाई. तुमी भरला म्हटलं असतं, त मी मानलं असतं."

मी खोटे बोलायला हवे होते, असे भाच्याचे मत आहे. माझे मत निराळे आहे. ज्या बाईने सारे आयुष्य एका वर्गासाठी वेचले, तिला त्या वर्गाची खरी हकिगत ऐकण्याचा हक्क होता, आणि ती सांगणारा मी एकटाच उरलो होतो. ते वाक्य संपवून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. मी उन्हे उतरेपर्यंत बाजूला बसून राहिलो, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून उठलो, तेव्हाही त्यांनी तोंड वळवले नव्हते. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

भाचा सर्वांना सांगतो, आत्या समाधानाने गेली. सांगो. तो त्या दुपारी आरमोरीला होता. ओसरीवर मी होतो.